वाडग्याआडचा मुलगा

"माझ्याकडे बघू नका, जेवा."

तोकुजीचं हे वाक्य आमच्या इसोमुरा गावातल्या शेंबड्या पोरांनाही पाठ होतं. तो रस्त्यात दिसला की पोरं त्याच्याच घोगऱ्या आवाजात "माझ्याकडे बघू नका, जेवा" म्हणायची आणि पळून जायची. तोकुजी हसायचा. तो सुतार होता. आधी होड्या बांधायचा. लाकडी होड्यांचे दिवस सरले तेव्हा दारं, खिडक्या, धान्याच्या पेट्या बनवू लागला आणि गावात कुणी गेलं की शवपेटी. आमच्या गावातली बरीच माणसं त्याने रंधलेल्या फळ्यांतून डोंगरावरच्या स्मशानात गेली.

हे वाक्य मात्र त्याच्या घरातलं होतं. संध्याकाळी त्याची बायको, हात्सुए वहिनी, बुटकं मेज मांडायची, भात वाढायची, सूप वाढायची. मुलं गुडघे मुडपून बसायची. तोकुजी पायरीखाली, मातीच्या जमिनीवर, डोळ्याला कॅमेरा लावून उभा. सगळे हात जोडायचे, मग वाडगे उचलायचे. आमच्याकडे पहिला घोट सुपाचा. त्या क्षणी तोकुजी हे वाक्य म्हणायचा आणि खटका दाबायचा. मग कॅमेरा फडताळात ठेवून, हात धुऊन स्वतः जेवायला बसायचा. रोज एक फोटो. दोन नाही, आणि खाडाही नाही.

याची सुरुवात कशी झाली ते मला माहीत आहे, कारण मी त्याचा शेजारी. आमच्या दोन घरांच्या मध्ये एक मुळ्याचा वाफा आणि एक कुंपण, तेही मोडकं.

आमचा समुद्र हिवाळ्यात माणसाला जवळ येऊ देत नाही. वारा वायव्येकडून सुटला की होड्या वर ओढून ठेवायच्या आणि पुरुषांनी टोकियोला जाऊन इमारतींची कामं करायची, अशीच इथली पिढ्यान् पिढ्यांची रीत. तोकुजीही जायचा. तो गेला की वहिनी रोज त्याच्या जागेवर त्याचं ताट मांडायची. भात, सूप, लोणचं, सगळं गरम गरम. घरचं माणूस दूर गेलं की आमच्या बायका असं वाटेवरच्याचं ताट वाढतात. मग सुपावरचं झाकण उचलून बघतात. झाकणाखाली वाफेचे थेंब जमले असले की माणूस सुखरूप आहे. गरम सुपावर थेंब जमणारच, हे त्यांनाही कळतं. म्हणूनच तर त्या सूप गरम वाढतात.

एका वर्षी बर्फ वितळताना तोकुजी परत आला. थोरली मिनाए धावत जाऊन त्याच्या पायाला बिलगली. धाकटा कात्सुहिको, बाप गेला तेव्हा रांगत होता, आता बोलायला लागला होता. त्याने या दाढी वाढलेल्या माणसाकडे पाहिलं, दोन्ही हातांनी सुपाचा वाडगा उचलला आणि तोंडासमोर धरला. वाडग्याआडून आईला विचारलं, "हे काका जेवून जाणार का?"

गावभर हसू झालं. तोकुजीही हसला. पण दुसऱ्या दिवशी तो बसने शहरात गेला आणि हिवाळ्याच्या कमाईतून एक जुना कॅमेरा घेऊन आला. वहिनीला म्हणाला, "आता मी कुठे जाणार नाही."

"मग पुढच्या हिवाळ्यात खायचं काय?"

"मुळा."

"आणि?"

"मुळ्याचा पाला."

वहिनी हे मला कुंपणावरून सांगायची आणि वर म्हणायची, "लोकांचे नवरे दारू पितात, भाऊजी. माझा फिल्म पितो."

पण खरंच तो पुन्हा गेला नाही. त्याने मुळा खाल्ला, पाला खाल्ला, आणि रोज संध्याकाळी पायरीखाली उभा राहिला. मिनाएच्या वेण्या लांब झाल्या, मग आखूड झाल्या, मग एके दिवशी तिची जागा रिकामी झाली, कारण ती लग्न होऊन खाडीपलीकडच्या शहरात गेली. मेजावर कधी भाजलेला बांगडा, कधी नुसतं लोणचं. वहिनीचा हात प्रत्येक फोटोत हललेला, कारण ती वाढायची थांबायचीच नाही. मी कधी त्या वेळी गेलो तर मीही फोटोत यायचो, तोंडात घास घेऊन, बावळटासारखा.

आणि कात्सुहिको वाडग्याआड. पहिल्या दिवशी तो भीतीने लपला होता. मग सवय पडली. मग भीती गेली आणि तो बापलेकांचा खेळ झाला. हात जोडून झाले की पोरगा दोन्ही हातांनी वाडगा असा उचलायचा की कपाळावरचे केस तेवढे दिसावेत. खटका वाजला की आतून आवाज यायचा, "आज तरी सापडलो का?"

"उद्या सापडशील," तोकुजी म्हणायचा.

पोराचा आवाज फुटला, मिशा आल्या, तो गावातल्याच यासुओच्या मोठ्या होडीवर माकूळ पकडायला जाऊ लागला. वाडगाही लहान लाल होता तो मोठा काळा झाला. खेळ तोच राहिला. तिशी ओलांडलेला रांगडा गडी, दोरांनी हात फाटलेला, संध्याकाळी बापासमोर वाडग्याआड लपायचा.

मी एकदा तोकुजीला म्हणालो, "अरे, जरा दम धर की. वाडगा खाली ठेवू दे त्याला, मग काढ."

"मग तो फोटोसाठी थांबलेला मुलगा होईल, इसाकु. मला जेवणारा मुलगा पाहिजे."

"जेवणारा मुलगा नाही, तुझ्याकडे जेवणारे वाडगे आहेत."

"असू देत. माणूस फोटोसाठी तोंड करतो ते तोंड त्याचं नसतं. ते फोटोवाल्याचं असतं."

  या गोष्टीत तोकुजी हट्टी होता आणि त्याचा हट्ट मला आवडायचा.

शरद ऋतूत माकुळाचा हंगाम जोरात होता तेव्हा यासुओची होडी एका पहाटे परत आली आणि कात्सुहिको तिच्यात नव्हता. लाट आडवी आली, माकूळ ओढायचे दिवे हेलकावले, सगळे एका बाजूला कोसळले आणि उठून बघतात तर एक माणूस कमी. यासुओने तोकुजीच्या अंगणात गुडघे टेकले, कपाळ जमिनीला लावलं आणि उठेचना. शेवटी तोकुजीनेच त्याला काखेत हात घालून उठवलं. गावातल्या सगळ्या होड्या शोधायला गेल्या. समुद्राने काही परत दिलं नाही. कुणासाठीही फळी रंधायला कधी नाही न म्हटलेल्या तोकुजीला स्वतःच्या पोरासाठी शवपेटी करायची वेळ आली नाही. ठेवायला काही नव्हतं.

त्या संध्याकाळी वहिनीने कात्सुहिकोच्या जागेवर ताट मांडलं. भात, काळ्या वाडग्यात सूप, वर झाकण. आणि तोकुजी कॅमेरा घेऊन पायरीखाली उभा राहिला. मी दारातच होतो. त्याने ते वाक्य म्हटलं नाही, पण खटका वाजला.

हिवाळा गेला. वसंतात खडकांवरचं वाकामे, खायचं समुद्री शेवाळ, काढून झालं, दोऱ्यांवर वाळत घालून झालं. पावसाळा गेला. ताट रोज मांडलं जात होतं. वहिनी झाकण उचलून बघायची, पुन्हा ठेवायची. जेवणं झाली की तो गार भात स्वतः खायची.  वर्ष होत आलं तेव्हा मंदिरातले गुरुजी आले. माझ्याच वयाचे, लहानपणी माझ्याबरोबर शिंपले गोळा करणारे. त्यांच्याबरोबर मीही गेलो, कारण त्यांना एकट्याने जायचं धाडस होत नव्हतं.

गुरुजी चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "हात्सुए-सान, किती दिवस तो असा मध्येच राहील? कार्य करू या. त्याला त्याची वाट मिळू दे."

"कार्याला फोटो लागतो ना?"

"लागतो."

वहिनी मग तोकुजीकडे वळली. आवाज अगदी साधा, जणू मीठ संपलं सांगतेय. "अहो, तुमच्याकडे खोकी भरून फोटो आहेत. त्यातून मला त्याचा चेहरा दाखवा. शाळेतला टोपीवाला नको, त्यात तो आठ वर्षांचा आहे. आता होता तसा, घरातला चेहरा. तो दाखवलात की मी माझ्या हाताने त्याचं ताट इथून उचलीन आणि पूर्वजांच्या देवघरात ठेवीन. नाही मिळाला, तर हा विषय माझ्या घरात पुन्हा काढायचा नाही."

गुरुजी माझ्याकडे बघू लागले, मी माझ्या चहाकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोकुजीने कामाच्या पडवीत सगळी खोकी काढली. मला म्हणाला, "चष्मा घेऊन ये." आम्ही दोघं लाकडाच्या भुशावर बसलो. तेव्हा मला एक गोष्ट कळली. तोकुजीने हे फोटो कधी नीट बघितलेच नव्हते. शहरातून धुऊन यायचे, खोक्यात जायचे. तो काढण्यातच खूश होता. उद्याचा फोटो उद्या होताच, मग कालचा कशाला बघायचा?

आता तो एकेक बघू लागला. लाल वाडगा. लाल वाडगा. वाडग्याच्या वर दोन भुवया. काळा वाडगा. एका फोटोत वाडगा खाली होता म्हणून मी तो उजेडात धरला, पण त्या दिवशी पोरगा खाली पडलेली जेवणाची काडी उचलायला वाकला होता आणि दिसत होता नुसता टाळूवरचा भोवरा. एकात ताप होता म्हणून पाठ करून पांघरुणात. कामावर जाताना त्याने खिशात ठेवलेल्या परवान्यावर एक फोटो होता, तो त्याच्याबरोबरच गेला.

"हे बघ," तोकुजी म्हणाला, "इथे कान स्पष्ट आलाय."

"छान आलाय."

"इथे हनुवटी."

"ती तुझ्या मेव्हण्याची आहे. नववर्षाला आला होता ना तो."

तोकुजी हसला. मग हसणं थांबलं आणि त्याने पुढचा फोटो उचलला. तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही खोकी संपवली. ऊन पडवीतून सरकून बाहेर गेलं. मी घरी आलो, पण जेवलो नाही.

मग तो शहरातल्या मिझोगुची फोटोवाल्याकडे गेला. हे मिझोगुची कार्याचे फोटो बनवण्यात प्रसिद्ध. शर्टातल्या म्हाताऱ्याला काळा किमोनो चढवायचे, सहलीच्या गर्दीतून आजी अलगद बाहेर काढायचे. तोकुजीने त्यांना भुवया दिल्या, कान दिला, शाळेतली टोपी दिली. टोपीखालचं तोंड मोठं करून, एका फोटोतल्या भुवया नि दुसऱ्यातली कपाळाची रेष जोडून त्यांनी एक तरुण माणूस तयार केला. काळा किमोनो, मागे फिकट निळं आभाळ. काम सुबक होतं. जोड कुठे दिसत नव्हता.

तोकुजीने मला बरोबर नेलं. वहिनी मुळे धूत होती. हात पुसून आली, गुडघे मुडपून बसली. त्याने त्या फोटोची चौकट तिच्यासमोर धरली. वहिनीने बघितलं. मग दोन्ही हात जमिनीला टेकवून, अनोळखी पाहुण्याला करतात तसा तिने त्या फोटोला नीट वाकून नमस्कार केला.

"यावं," ती म्हणाली. "लांबून आलात. चहा टाकते."

आणि खरंच उठून चहा टाकायला गेली.

तोकुजीने चौकट उलटी ठेवली. मी निघू लागलो तर त्याने माझी बाही धरली. वहिनी चहा घेऊन आली. चार पेले होते.

"तुला माहीत होतं," तोकुजी म्हणाला. "कुठेच चेहरा नाही, हे तुला आधीच माहीत होतं."

"मी रोज त्याच्या शेजारी बसत होते. मला माहीत नसेल तर कुणाला?"

"मग मागितलास कशाला?"

"ताट उचलायचं नव्हतं म्हणून." वहिनी पेले मांडत राहिली. "तुम्ही टोकियोत होता तेव्हा मी ताट मांडलं आणि तुम्ही आलात. दर वर्षी आलात. मग हा का नाही येणार?"

 बाहेर माझ्याच कोंबड्या त्याच्या मुळ्यात शिरल्या होत्या, ते मला दिसत होतं, पण मी उठलो नाही. मग तो बोलला. इतक्या वर्षांत त्याचा तसा आवाज मी ऐकला नव्हता.

"हात्सुए, मला तो आठवत नाही."

"काय बोलता?"

"चेहरा. डोळे मिटले की मला वाडगा दिसतो. उघडले तरी वाडगाच. मी रोज त्याच्यासमोर उभा होतो, आणि मला... तू कार्यासाठी मागितलास म्हणून मी शोधत नव्हतो. मला हवा होता."

वहिनीने हातातला पेला खाली ठेवला. त्याच्याकडे असं पाहिलं की जणू तिच्या लक्षातच आलं नव्हतं की या घरात आणखी कुणाचं काही हरवलंय. मग ती सरकून त्याच्या शेजारी आली. कात्सुहिकोच्या बाजूला ती जशी बसायची तशी.

"ऐका," ती म्हणाली. "डावी पापणी जरा जड होती. तुमच्या आईसारखी. थकला की ती आधी मिटायची. नाकावर मध्येच उंचवटा, तो दहा वर्षांचा असताना यासुओच्या होडीवरून पडला तेव्हाचा. ओठ तुमचे. खालचा जाड."

"हां," तोकुजी म्हणाला.

"सूप पिताना डोळे मिटायचा. एकच घोट घ्यायचा, खोटा खोटा. आणि खटका वाजला की वाडगा इतकासा खाली करायचा, आणि तुमच्याकडे बघून हसायचा."

"कधी?"

"रोज. तुम्ही तेव्हा खाली मान घालून फिल्मची कळ फिरवत असायचात. तुम्ही मान वर करेपर्यंत तो भाताला लागलेला असायचा."

"मोठा झाल्यावरसुद्धा?"

"शेवटच्या दिवशीसुद्धा."

   वहिनीने आणखी बरंच सांगितलं. दाढी करताना कुठे केस राहायचे, रागावला की कान कसे लाल व्हायचे. ते सगळं मी लिहीत नाही. ते त्याच्यासाठी होतं.

संध्याकाळ झाली. वहिनी उठली, तिने सूप केलं, भात वाढला, आणि कात्सुहिकोचं ताट उचललं. मेजावर ठेवायला नाही. ती देवघराकडे वळली.

"राहू दे," तोकुजी म्हणाला. "आजच्या दिवस राहू दे इथे."

"नको. तुम्हाला चेहरा मिळाला. मी शब्द दिला होता."

"मी दाखवला कुठे? तूच सांगितलास."

"मिळाला ना?" ती म्हणाली. आणि तिने ते ताट तोकुजीच्या आईबापांच्या नावांच्या पाट्यांसमोर ठेवलं, सुपावरचं झाकण काढलं आणि भातात दोन काड्या उभ्या खोचल्या, गेलेल्या माणसाला खोचतात तशा. तिचा हात हलला नाही.

कार्य दहा-बारा दिवसांनी झालं. फोटो कुठला लावायचा हे मिनाएने विचारलं तेव्हा आईबाप दोघंही एकदमच म्हणाले, वाडग्याचा. मोठी चौकट केली, तोकुजीने स्वतः, देवदाराची. आत काळा वाडगा, त्याला धरलेले दोन फाटके हात, वर थोडे केस. गुरुजींनी चौकटीकडे बराच वेळ पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मंत्र सुरू केले.

गावातला एकेक माणूस पुढे येत होता, उदाची चिमूट टाकत होता, वाकत होता. यासुओ वाकला तो पुन्हा लवकर उठला नाही. मग समोरच्या घरातली ताने आजी आली. नव्वदीची, कंबरेत पार वाकलेली. तिने मान तिरकी करून फोटो न्याहाळला आणि मोठ्याने म्हणाली, "मेला अजून जेवतोच आहे."

कुणीतरी खुदकन हसलं. हसू माणसामाणसांतून मागपर्यंत गेलं, आणि मागे पोचता पोचता त्याचं रडणं झालं. मिनाए तोंडाला हात लावून हसत होती की रडत होती ते मला कळलं नाही.

नंतर जेवणं मांडली. मधले दरवाजे काढून दोन खोल्या एक केल्या होत्या, लांब मेजं, सगळा गाव दाटीवाटीने बसलेला. मिनाएने फडताळातून कॅमेरा आणला. "बाबा," ती म्हणाली, "आज सगळे आहेत. काढा."

तोकुजीने कॅमेरा घेतला. पायरी उतरला आणि मातीच्या जमिनीवर आपल्या जागी उभा राहिला. डोळ्याला लावला. आम्ही हात जोडले. आता वाडगे उचलायचे.

कुणी उचलला नाही. कुणी ठरवलं नव्हतं, कुणी खूण केली नव्हती. सुपातून वाफ निघत होती आणि सगळा गाव, यासुओ, गुरुजी, ताने आजी, मी, मान वर करून त्याच्याकडे तोंड करून बसला होता. एकही चेहरा झाकलेला राहू नये म्हणून. म्हाताऱ्या बायकांनी कपाळावरचे केससुद्धा मागे सारले.

तोकुजीने कॅमेरा या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू फिरवला. एकेका तोंडावर थांबत. मग पुन्हा फिरवला. तो शोधत होता ते तोंड त्यांत नव्हतं. खटका वाजला नाही. त्याने कॅमेरा खाली घेतला, पायरीच्या कडेला ठेवला, दाराशी ठेवलेल्या खडावांत पाय घातले आणि काळ्या किमोनोतच बाहेर पडला.

मिनाए उठली. वहिनीने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, तशी ती पुन्हा बसली. वहिनीने दाराकडे वळून पाहिलं नाही, ती सगळ्यांना भात वाढायला लागली. पण मी दाराजवळ होतो. ताने आजी माझ्या शेजारी होती, आणि तिला जागेवरून वाकून बाहेर बघता येत होतं. आम्ही दोघांनी त्याला पाहिलं, ते शेवटचं. तो मुळ्याच्या वाफ्याजवळून गेला, वाळत घातलेल्या माकुळांच्या काठ्यांखालून मान वाकवून गेला आणि बंदराकडच्या उताराला लागला. वारा समोरून होता. यासुओच्या जाळ्यांच्या खोपटापाशी तो वळला. नंतर खडावांचा आवाज तेवढा काही वेळ येत राहिला.